दोऱ्याच्या डब्यातली गोळी

आक्का हसली की पदर तोंडावर घेते. गल्लीत नव्याने राहायला आलेल्या बायकांना वाटतं, जुन्या वळणाची बाई, लाजते. ते लाजणं नव्हे. एकोणीस-वीस वर्षांची असताना तिच्या हिरड्या वाढायला लागल्या. समोरच्या दातांच्या फटींतून गुलाबी मांस खाली उतरलं, दात निम्मे झाकले गेले, मिश्री लावताना रक्त यायला लागलं. आई म्हणायची, उष्णतेनं होतं. ताक पाजायची, सब्जा पाजायची. हे दातांचं दुखणं नाही, फिटच्या गोळीचं आहे, असं आमच्या घरात कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

फेनिटॉइन नावाच्या गोळीने असं होतं. ती वर्षानुवर्षं घेणाऱ्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या हिरड्या कमीजास्त वाढतात. दात घासून स्वच्छ ठेवले, दंतवैद्याकडून वरचेवर साफ करून घेतले, तर वाढ पुष्कळ आटोक्यात राहते. एवढी साधी गोष्ट आम्हांला कळली तेव्हा गोळी सुरू होऊन दहा वर्षं झाली होती.

मी तिची धाकटी बहीण. निपाणीजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेवर मराठी शिकवते. त्या गोळीने आक्काला काय दिलं आणि तिच्याकडून काय घेतलं, ते चाळीस वर्षं मी जवळून पाहिलंय. आणि एकदा त्या गोळीचा हिशेब मी स्वतः चुकवलाय. म्हणून लिहिते.

आमच्या गावात काळ मोजायचा तर आंदोलनापासून मोजतात. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर हमरस्ता अडवून धरला, गोळीबार झाला, माणसं गेली. त्यानंतर तीन वर्षांनी आक्काला पहिली फिट आली. ती सोळा वर्षांची, मी नऊ. आई, आत्ती आणि आक्का तिघी सोप्यात विड्या वळत बसलेल्या. मी दोऱ्याचं रीळ सोडवून देत होते, म्हणून मला सगळं समोर दिसलं. आक्काच्या मांडीवर सूप, चिमटीत अर्धी वळलेली विडी. बोलता बोलता ती थांबली. मान एका बाजूला वळायला लागली, जणू दारात कुणीतरी हाक मारलीय. मग घशातून एक आवाज निघाला, तो तिचा नव्हताच, आणि ती ताठ होऊन मागे पडली. सूप उपडं झालं. अंगावर, केसांत, उघड्या डोळ्यांत तंबाखू. हातपाय झटके देत होते आणि विडी चिमटीतून सुटली नव्हती.

शेजारीपाजारी धावले. कुणी नाकाला चप्पल लावली, कुणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. चुलत्यांनी दातखीळ उघडायला चमचा घातला आणि समोरचा एक दात अर्धा तुटला. त्यांची माया खरी होती, नंतर कित्येक दिवस त्यांना जेवण गेलं नाही. फिट आलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नसतं, दाबून धरायचं नसतं, कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला करायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी बोलवायची. हे आज मी चौथीच्या पोरांनाही शिकवते. त्या दिवशी आमच्या सोप्यात ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढचे आठ महिने गंडेदोरे, अंगारे, पौर्णिमेच्या वाऱ्या यांत गेले. त्याबद्दल फार लिहीत नाही. त्या आठ महिन्यांत तिला अकरा वेळा फिट आली.

शेवटी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी फेनोबार्बिटोन दिलं. १९१२ पासून वापरात असलेलं औषध, स्वस्त, अजूनही कितीतरी ठिकाणी पहिलं तेच देतात. फिटा कमी झाल्या, पण आक्का झोपाळली. बसल्या जागी डुलायची. दिवसाला हजार विड्या वळणारी पोरगी पाचशेवर आली, त्यातल्याही ढिल्या वळलेल्या म्हणून कारखान्यात छाट निघायच्या. छाट निघालेल्या विडीची मजुरी मिळत नाही. दीड वर्षाने, १९८६ मध्ये, डॉक्टरांनी गोळी बदलून फेनिटॉइन सुरू केलं. रात्री जेवल्यावर तीन गोळ्या, शंभर-शंभरच्या. आणि आमच्या घरावरचं सावट उठलं. आक्का जागी झाली. सहा-सहा महिने, वर्ष-वर्ष फिट नाही. हे आधी लिहायला हवं, कारण पुढे मी त्या गोळीचे दोषच सांगणार आहे. आक्काचं लग्न, मूल, तिने स्वतःच्या मजुरीवर बांधलेल्या दोन खोल्या, हे सगळं त्या गोळीच्या आधारावर उभं राहिलं.

१९३८ साली बोस्टनमध्ये मेरिट आणि पटनम या दोन डॉक्टरांनी या औषधाचा फिटवरचा उपयोग दाखवून दिला. त्याआधीची औषधं झोप आणूनच फिट दाबायची. झोप न आणताही फिट थांबवता येते, हे या औषधाने पहिल्यांदा ठळकपणे दाखवलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना विजेच्या बारीक लहरींनी निरोप देतात. फिटच्या वेळी पुष्कळ पेशी एकाच तालात, न थांबता, भराभर निरोप सोडत सुटतात. फेनिटॉइन त्या पेशींच्या अंगावरची सोडियमची दारं लवकर उघडू देत नाही. नेहमीचा निरोप जातो, भराभर जाणारा अडतो. दुखण्याचं मूळ ते काढत नाही, फिट तेवढी रोखून धरतं. म्हणून तर रोज घ्यावं लागतं.

आक्काचं लग्न ठरलं तेव्हा वडीलधाऱ्यांनी एकमुखाने सांगितलं, गोळीचं बोलायचं नाही. बघायला पाहुणे आले तेव्हा आईने आतून सांगून पाठवलं होतं, तोंड मिटून हस. पदर तोंडावर घ्यायची सवय त्या दिवसापासूनची. रुखवताबरोबर पत्र्याचा एक गोल डबा गेला. वर दोऱ्याची रिळं, खाली कागदात गुंडाळलेल्या तीन महिन्यांच्या गोळ्या. १९९० च्या मे महिन्यातलं लग्न, घरात पाहुणे, खोलीत बायका दाटीवाटीने झोपलेल्या, कुणादेखत डबा उघडायचा? दोन रात्री गोळी चुकली. जागरण होतंच. तिसऱ्या दिवशी सकाळी सत्यनारायणाच्या पूजेआधी ती पाटावरून खाली पडली.

चार दिवसांनी तिला माहेरी आणून सोडलं. तिच्या सासरचा एक शिकलेला पाहुणा कायद्याचं बोलून गेला, आणि तो खोटं बोलत नव्हता. तेव्हाच्या हिंदू विवाह कायद्यात वारंवार फेफरं येणाऱ्या माणसाचं लग्न कोर्टातून रद्द करून घेता येत होतं. ते कलम १९९९ च्या दुरुस्तीत निघालं. आक्काला त्याचा काही उपयोग झाला नाही, पण तिच्यामागून आलेल्या कितीतरी पोरींना झाला असणार. तरी गोळी लपवून लग्न लावायची रीत अजून गेलेली नाही. पुण्यात यशोदा वाकणकर यांच्या संवेदना संस्थेने फिटचा आजार असलेल्यांसाठी उघडपणे लग्नं जुळवण्याचं काम केलं, त्याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या आईची आठवण झाली. असं काही तेव्हा आमच्या कानावर असतं, तर ती एवढी घाबरली नसती.

तीन आठवड्यांनी भावोजी सायकलवरून एकटेच आले. आईने पाणी दिलं, ते प्याले आणि म्हणाले, "डाक्टर कोण हाय तिचा? मला भेटायचंय." डॉक्टरांकडे ते अर्धा तास बसले. परतल्यावर आक्काला म्हणाले, चल. घरी गेल्यावर त्यांनी तो डबा ट्रंकेतून काढला आणि स्वयंपाकघरात पाण्याच्या घागरीशेजारच्या फळीवर ठेवला. आजही तो तिथंच असतो. रंग उडालाय, झाकण बसत नाही.

भाचा १९९३ चा. दिवस गेल्याचं कळल्याबरोबर भावोजींनी तिला डॉक्टरांकडे नेलं. गोळी थांबवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पोटातल्या बाळाला फेनिटॉइनचा काही धोका असतो, पण आईला मोठी फिट येऊन ती पडली तर त्याहून मोठा. फॉलिक ॲसिड मात्र आधीपासून घ्यायला हवं होतं, असं म्हणाले. बाळंतपणानंतर बाळाला के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं, कारण या औषधाने नवजात बाळाला रक्तस्राव होऊ शकतो. आई बाळाची बोटं मोजत होती आणि डॉक्टर एकेका बोटाचं नख बघत होते. या औषधाने कधी कधी बाळाची नखं नीट वाढलेली नसतात, हे आम्हांला नंतर कळलं. भाच्याची नखं चांगली होती.

१९९६ च्या पावसाळ्यात एका महिन्यात दोन फिटा आल्या. डॉक्टरांनी तीनच्या चार गोळ्या केल्या. आम्हांला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. तिनांवर एक वाढली, एवढंच. दहा-बारा दिवसांनी आक्का भिंत धरून चालायला लागली. एकाच्या दोन वस्तू दिसतात म्हणायची. जीभ जड झाली. पाण्याची घागर घेऊन येताना झोकांड्या जायच्या, आणि गल्लीत बोभाटा झाला की बिडीवाली पिऊन येते. भावोजींच्या आईने तिच्या तोंडाचा वास घेऊन बघितला. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. रविवारी गेले, तर आक्का सूप घेऊन बसली होती. पान कापलं, तंबाखू भरला, वळली, आणि टोक मुडपायला गेली तर बोट विडीच्या शेजारी हवेत. परत प्रयत्न केला. परत हवेत. नऊ वर्षांच्या वयापासून डोळे मिटून विडी वळणारी ती, स्वतःच्या बोटांकडे परक्यासारखी बघत राहिली. मला म्हणाली, "मला दोन इड्या दिसतात गं. खरी कंची?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आम्ही बेळगावला निघालो. तवंदीच्या घाटात तिला दोनदा उलटी झाली. बेळगावच्या डॉक्टरांनी तिला बोटाकडे बघायला सांगितलं, बोट डावी-उजवीकडे हलवलं, आणि मला म्हणाले, डोळे बघा. तिची बुबुळं बाजूला गेली की बारीक बारीक हिसके देत होती. रक्त तपासलं. या औषधाचं रक्तातलं प्रमाण साधारण दहा ते वीसच्या मध्ये असावं लागतं. तिचं बत्तीस निघालं.

मी विचारलं, शंभराने गोळी वाढवली तर एवढं कसं? ते तरुण होते, कानडी भागातले, मराठी तोडकंमोडकं पण समजून सांगायची हौस मोठी. त्यांनी आक्कालाच विचारलं, तुम्ही काय काम करता. विड्या वळते म्हणाली. "मग कारखान्यात विडी तपासून घेणारा किती माणसं?"

"एकच."

"त्यो दिवसभरात किती तपासतो?"

आक्का म्हणाली, त्याचा ठरलेला अंदाज असतो, त्याच्या वर माल आला की मग ढीग लागतो, बायका रात्रीपर्यंत खोळंबतात.

"तुमची लिव्हर म्हणजे त्यो माणूस," डॉक्टर म्हणाले. बाकीच्या बऱ्याच औषधांचं असं असतं की माल दुप्पट आला तर यकृत दुप्पट वेगाने काम करतं. फेनिटॉइनचं तसं नाही. यकृताचा हात एका मापापर्यंतच चालतो. तिथपर्यंत सगळं ठीक, आणि त्याच्या पुढे थोडं जास्त दिलं तरी रक्तात ढीग साचतो. उलटंही तसंच, मापाच्या खाली आलं की भसकन उतरतं. म्हणून ही गोळी वाढवायची तर शंभराने नाही, पंचवीस-तीस-पन्नासाने, आणि रक्त बघून. हिरड्यांचं, दात साफ करून घेण्याचंही त्यांनीच सांगितलं. अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड असं काही या जातीची कुठलीही नवी गोळी सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत दिसलं, तर उद्यावर टाकायचं नाही, लगेच यायचं, हेही. निघताना तिथल्या सिस्टरने आक्काच्या दंडावर हात ठेवून सांगितलं, "गुळगी तप्पिसब्याड, अव्वा." गोळी चुकवू नकोस, आई. आक्काला बाजारापुरतं कानडी येतं. ते वाक्य तिने पाठ केलं, अजून कधी कधी स्वतःशी म्हणते.

आक्काला लिहिता-वाचता येत नाही. पण विडी तपासणाऱ्या माणसाची ती गोष्ट तिला जेवढी कळली, तेवढी मला कळली नव्हती. याचा पुरावा चोवीस वर्षांनी मिळाला.

मधली वर्षं बरी गेली. साडेतीनशे, मग परत तीनशे. भाचा मोठा होऊन कोल्हापूरला कामाला लागला, तेव्हापासून औषध तिथूनच यायचं, कारण तिथले डॉक्टर आणि तिथलं दुकान त्याच्या ओळखीचं. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर, बेळगाव पंचाहत्तरच्या आसपास. आमच्या भागातली माणसं दवाखान्यासाठी राज्य बघत नाहीत, जवळ काय ते बघतात.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि दोन राज्यांच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका बंद झाला. भाचा कागलच्या पलीकडे, आम्ही अलीकडे. आक्काच्या डब्यात पंचवीस-सव्वीस गोळ्या उरल्या होत्या, म्हणजे आठ-नऊ दिवसांच्या. निपाणीत दोन दुकानांत गेले. तिच्या कंपनीची गोळी नव्हती, दुसरी होती. एक कंपनी सोडून दुसरीची या गोळीत विचारल्याशिवाय घ्यायची नाही, हे मला अर्धवट आठवत होतं. कोल्हापूरच्या डॉक्टरांचा फोन लागेना. तेव्हा मी शहाणपण केलं. आक्काला म्हटलं, तीनच्या जागी दोन घे, म्हणजे आणखी चार-पाच दिवस पुरतील, तोवर काहीतरी होईल.

ती म्हणाली, "विचारल्याबिगर?"

मी म्हटलं, अगं, एकच तर कमी होतेय.

तिने माझ्याकडे पाहिलं. बोलली नाही. मी शिकलेली, मास्तरीण, तिच्या सगळ्या चिठ्ठ्या वाचणारी मीच. तिने माझं ऐकलं.

नवव्या दिवशी पहाटे मोरीत पडल्याचा आवाज झाला. फिट चार मिनिटं चालली, भावोजींनी घड्याळ लावलं होतं. उजवा हात अंगाखाली सापडून मनगट मोडलं होतं. पोलिसांची परवानगी काढून, ॲम्ब्युलन्सने रिकाम्या हमरस्त्यावरून बेळगावला. तिच्या रक्तात औषध सहाच्याही खाली आलं होतं. एक तृतीयांश गोळ्या कमी केल्या आणि रक्तातलं औषध निम्म्याहून खाली घसरलं. डॉक्टरांनी आकडा सांगितल्याबरोबर मला तो विडी तपासणारा माणूस आठवला. उलटंही तसंच, असं तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, आणि मी मान हलवली होती.

एक्स-रे बघून हाडाचे डॉक्टर म्हणाले, बावन्न वर्षांच्या बाईचं हाड एवढं विरळ कसं? फेनिटॉइन यकृताचं काम चेतवतं आणि त्यात शरीरातलं ड जीवनसत्त्व लवकर खर्ची पडतं. चौतीस वर्षं ही गोळी, आणि त्यात सगळा जन्म सोप्याच्या सावलीत बसून विड्या वळण्यात गेलेला. ड जीवनसत्त्व कधी तपासलं नव्हतं, कॅल्शियम कधी दिलं नव्हतं. डॉक्टरांनी दिलं नाही हे खरं, आणि आम्हीही कधी विचारलं नाही हेही खरं. मनगट जोडलं, पण वाकडं बसलं. अंगठा आणि तर्जनी नीट जुळत नाहीत. आक्काने त्यानंतर विडी वळली नाही.

माझी चूक मी तिच्यापुढे कबूल केली. "आता ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाली. भावोजी बरेच दिवस माझ्याशी मोजकं बोलत होते. मला तेच बरं वाटत होतं.

हाडांमुळे पुढच्या वर्षी गोळी बदलली. लेव्हेटिरासेटम. जुनी एकदम बंद नाही, नवी हळूहळू चढवत, जुनी हळूहळू उतरवत, तीन महिने. हिरड्यांना त्रास नाही, हाडांना तुलनेने कमी, रक्त तपासत बसायची फारशी गरज नाही. सगळे खूश. आणि आमची आक्का चिडकी झाली. जिने उभ्या जन्मात सुनेला अरे-तुरे केलं नाही, तिने भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ताट सरकवून दिलं. नातवावर हात उगारला. मग न्हाणीघरात जाऊन रडली. मला फोन करून म्हणाली, "ही मी न्हवं. ही गोळी बोलतीय काय बघ." तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने स्वतः ओळखलं. खरंच, या औषधाने काही लोकांना राग, चिडचिड, उदासी येते, आणि तसं झालं तर ते अंगावर काढायचं नसतं, डॉक्टरांना सांगायचं असतं. डॉक्टरांनी डोस थोडा खाली आणला, दोन महिने वाट बघायला सांगितली. निवळलं. पूर्ण नाही, पण निवळलं.

२०२२ च्या डिसेंबरात सीमावाद पुन्हा पेटला, बेळगावजवळ ट्रक फोडले, दोन्ही राज्यांच्या एसटी काही दिवस एकमेकांकडे जायच्या थांबल्या. मी धावत आक्काकडे गेले. तिने फळीवरचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. दोन महिन्यांच्या गोळ्या. डॉक्टरांना विचारून तिने आधीच भरून ठेवल्या होत्या.

गेल्या वर्षी पौष संपताना आमच्या गल्लीतली एक बाई माझ्याकडे चिठ्ठी वाचून घ्यायला आली. तिची मुलगी बावीस वर्षांची, चार वर्षांपासून फिटची गोळी, दीड वर्षात फिट नाही, मे महिन्यात लग्न. गोळी होती सोडियम व्हॅल्प्रोएट. बाईला एवढंच विचारायचं होतं, की लग्नाच्या आधी पंधरा दिवस आणि नंतर पंधरा दिवस ही बंद ठेवली तर चालेल का. आक्का माझ्या सोप्यात बसली होती. तिने पदर तोंडावरून काढला आणि तुटलेला दात, हिरड्या, सगळं त्या बाईला दाखवून म्हणाली, "बघ. आन् आता हात बघ." मग पाटावरून पडल्याची गोष्ट सांगितली. माझ्या चुकीची गोष्ट मी सांगितली.

व्हॅल्प्रोएटचं प्रकरण आणखी वेगळं. फिट थांबवायला फार चांगलं औषध आहे, काही प्रकारच्या फिटांना त्याच्यासारखं दुसरं नाही. पण दिवस राहिले तर ते पोटातल्या बाळाला सगळ्यांत जास्त बाधतं. शंभरातल्या दहाएक बाळांत जन्मजात व्यंग राहतं, मणक्याचं, हृदयाचं, टाळूचं, आणि डोस जेवढा मोठा तेवढा धोका मोठा. दिसायला चांगली असलेली कितीतरी मुलं पुढे बोलायला, शिकायला मागे पडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं, की मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या मुलींना आणि बायकांना हे औषध देऊ नये. तरीही आधीच चालू असलेलं स्वतःहून बंद करायचं नाही, कारण एकदम थांबवलं तर थांबत नाही अशी फिट येऊन जीव जाऊ शकतो. त्या मुलीला चार वर्षांत हे कुणी सांगितलेलं नव्हतं. चिठ्ठी इंग्रजीत, खोक्यातला कागद इंग्रजीत, दवाखान्यातली पाटी कानडीत, आणि मुलगी मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. ती कुणाला दोष देत नव्हती. माझा मात्र जीव जळत होता.

आक्काने एकच अट घातली. डॉक्टरांकडे जायचं, पण नवऱ्यामुलाला घेऊन. मुलीची आई रडली, भांडली, चार दिवस आमच्या दारात आली नाही. पाचव्या दिवशी मुलगीच आली आणि म्हणाली, मी त्याला सांगितलंय.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी आम्ही चौघं बेळगावच्या गाडीत बसलो. मुलगा गडहिंग्लजकडचा, गवंडीकाम करणारा, बुजरा. घाट उतरेपर्यंत एक शब्द बोलला नाही. डॉक्टरांनी मुलीला सगळं विचारलं, ईईजीचा जुना कागद बघितला, आणि नवी गोळी लिहिली, लॅमोट्रिजिन. जुनी तशीच चालू ठेवून नवी अगदी सावकाश चढवायची, कारण व्हॅल्प्रोएटबरोबर ती शरीरात जास्त काळ रेंगाळते आणि घाईने वाढवली तर अंगावर पुरळ उठून जिवावर बेततं. जुनी पुढे हळूहळू कमी करायची, तेही तेच सांगतील तेव्हा. मूल होऊ देण्याचा विचार गोळीचा बदल पूर्ण होऊन फिट आटोक्यात आहे हे दिसल्यावर, आणि फॉलिक ॲसिड आतापासूनच. लग्नात जागरण नको, असं त्यांनी मुलाकडे बघून सांगितलं. त्याने मान डोलावली.

बाहेर बाकावर बसून मुलाने कागदाचा मोबाईलवर फोटो काढून घेतला. आक्काने त्याला बसवलं शेजारी.

"वाचून दाखव."

"पहिले दोन आठवडे," तो अडखळत वाचायला लागला, "एक दिवसाआड एक गोळी."

"म्हंजे आज घेटली तर उद्या न्हाई. परवा." आक्काने डाव्या हाताच्या बोटांवर मोजलं, उजव्याची बोटं आता मोजायलाही जुळत नाहीत. "मग?"

"मग दोन आठवडे रोज एक."

"आन् जुनी?"

त्याने कागद परत वर नेऊन पाहिला. "जुनी हाय तशीच."

"सकाळ-संध्याकाळ?"

"सकाळ-संध्याकाळ."

"परत वाच," आक्का म्हणाली. "पयल्यापासनं."